आरई२सी वापरून पाहिलं, एका आय-मायनस-मायनसपायी

"मॅडम, लूपच्या शेवटी हा आय-मायनस-मायनस कशाला आहे?"

"राहू दे तो. काढलास तर बिघडतं."

हे उत्तर मी दोन वेगवेगळ्या वर्षी दोन नव्या मुलांना दिलंय. दोन्ही वेळा खरं कारण मलाच माहीत नव्हतं, आणि लूप लिहिलेला माझाच. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा मात्र लाज वाटली आणि मी तो लूप पुन्हा लिहायला घेतला. त्या भानगडीत आरई२सी हे लेक्सर, म्हणजे इनपुटचे तुकडे ओळखणारा कोड, तयार करणारं टूल हाताशी आलं. गेले आठ महिने ते आमच्या बिल्डमध्ये आहे. हा त्याचाच रिव्ह्यू, पण आधी तो लूप बघायला लागेल, नाहीतर मी टूलची स्तुती का करतेय आणि शिव्या का घालतेय हे कळणार नाही.

काम साधं आहे. जीपीएस रिसीव्हर सीरियल पोर्टवर ओळी पाठवतो, एनएमईए ०१८३ या ठरलेल्या नमुन्याच्या. ओळ डॉलर चिन्हाने सुरू होते, मग पाच अक्षरांचा प्रकार, मग कॉमांनी तोडलेली फील्डं, मग स्टार, दोन हेक्स अंकांचा चेकसम (ओळ धड पोचली का ते पडताळणारा आकडा) आणि शेवटी सीआर-एलएफ, ही ओळ संपल्याची दोन कॅरेक्टर. डॉलरपासून एलएफपर्यंत सगळं धरून ८२ कॅरेक्टरांची मर्यादा. ओळ साठवायचा बफर मी ८० चा घेतला होता. का, ते विचारू नका, तेव्हा ८० हा आकडा गोल वाटला असेल.

आता लूप, सी भाषेतला. फॉर लूप, आय शून्यापासून लांबीपर्यंत, एका फेरीला एक कॅरेक्टर. सोबत हो-नाही सांगणारे तीन फ्लॅग: फील्डच्या आत आहोत का, स्टार येऊन गेला का, काम संपलं का. कॉमा दिसला की फील्ड बंद करायचं. एक जुना रिसीव्हर कॉमानंतर स्पेस सोडायचा, म्हणून ती गिळायला आत एक व्हाइल, आणि तो व्हाइलही आयच पुढे सरकवणार. व्हाइल थांबतो तेव्हा आय पुढच्या फील्डच्या पहिल्या कॅरेक्टरवर येऊन उभा असतो. मग फेरी संपते, फॉरच्या डोक्यावरचा, आयला एकाने पुढे नेणारा आय-प्लस-प्लस चालतो आणि ते पहिलं कॅरेक्टर उडून जातं. ते उडू नये म्हणून शेवटी आयला एकाने मागे आणणारा आय-मायनस-मायनस. म्हणजे वर जो एक फुकट मोजला जाणार आहे, तो खाली आगाऊ परत करायचा. सावकाराचा व्यवहार. वर स्टारच्या वाटेवर थेट पुढच्या फेरीला नेणारा एक कंटिन्यू होता, तो ही परतफेडच चुकवायचा, आणि ते चालून जायचं कारण त्या वाटेवर व्हाइल लागतच नव्हता. असं हे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं होतं.

इतकी वर्षं उभं राहिलंही. नवा रिसीव्हर आला आणि कोसळलं. पहिली गोष्ट, जुना रिसीव्हर फक्त जीपीएस बघायचा, म्हणून ओळीचा प्रकार जीपीआरएमसी. नवा एकाहून जास्त उपग्रहप्रणाली एकत्र वापरतो, म्हणून जीएनआरएमसी. पाचही अक्षरं ताडून बघणारा माझा कोड त्या ओळींकडे ढुंकून बघेना. ते दहा मिनिटांत सुधारलं. दुसरी गोष्ट खरी मजेची. गाडी उभी असली की नवा रिसीव्हर दिशेचं फील्ड रिकामं सोडतो, दोन कॉमा लागून. माझा लूप फील्ड तेव्हाच बंद करायचा जेव्हा "आत आहोत" हा फ्लॅग चढलेला असेल. रिकाम्या फील्डमध्ये तो चढतच नाही, त्यामुळे रिकामं फील्ड गायब आणि पुढचं सगळं एक घर अलीकडे. आरएमसी प्रकारच्या ओळीत आठवं फील्ड दिशा, नववं तारीख. स्क्रीनवर उभ्या गाडीची दिशा १५०६२४ अंश. पुढची चुंबकीय विचलनाची दोन्ही फील्डंही रिकामी, तीही गिळली गेली, आणि तारखेच्या जागी येऊन बसलं शेवटचं मोडचं अक्षर, ए. तारीख शून्य.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, स्ट्रिंग तोडणारं सीचं तयार फंक्शन स्ट्रटोक वापरायचं. स्ट्रटोकला नेमका हाच आजार आहे. लागून आलेले विभाजक ते एकच धरतं, वर मूळ स्ट्रिंगमध्ये शून्य बाइट ठोकत जातं. स्ट्रसेप रिकामी फील्डं नीट देतं, पण ते बीएसडी या युनिक्सच्या शाखेकडून आलेलं, स्टँडर्ड सीमध्ये नाही, आणि स्ट्रिंगची चिरफाड तेही करतं. मला ओळ अख्खी हवी होती, कारण चेकसम डॉलर आणि स्टारच्या मधल्या सगळ्या कॅरेक्टरांचा एक्सॉर (बिटांची एक प्रकारची बेरीज) असतो, कॉमांसकट. शिवाय खराब ओळ लॉगमध्ये जशीच्या तशी टाकायची असते.

म्हणून आरई२सी.

थोडी कुंडली. पीटर बुम्बुलिस यांनी ते लिहिलं, त्याबद्दलचा कॉवन यांच्यासोबतचा निबंध १९९३ चा. म्हणजे टूल म्हातारं आहे, पण निवृत्त नाही. पीएचपीने ५.३ या आवृत्तीत, २००९ साली, आपला स्कॅनर, म्हणजे लेक्सरच, फ्लेक्स या दुसऱ्या लेक्सर-टूलवरून आरई२सीवर आणला. निन्जा हे बिल्ड टूलही आपल्या फायली वाचायला तेच वापरतं. वापरायची रीत अशी: सीच्या फाइलमध्येच एका खास कॉमेंटच्या आत रेग्युलर एक्स्प्रेशनचे, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारे, नियम लिहायचे, प्रत्येक नियमापुढे काय करायचं तो सीचा तुकडा. टूल ती फाइल वाचतं आणि कॉमेंटच्या जागी साधा सी कोड ओततं. फ्लेक्ससारखे मोठे तक्ते नाहीत, सोबत न्यायची लायब्ररी नाही. नुसते स्विच आणि गोटू, सीच्याच साध्या उड्या. छोट्या डिव्हाइसवर चालणाऱ्या कोडसाठी हे सोयीचं, कारण आयतं असं काहीच आत शिरत नाही. मेमरी कुठून आणायची, पॉइंटर कुठला, शेवट कसा ओळखायचा, सगळं तुम्हीच सांगायचं.

पहिल्या संध्याकाळी मी एकच नियम लिहिला: डॉलर, दोन मोठी अक्षरं, आरएमसी, मग फील्डं, स्टार, दोन हेक्स अंक, सीआर, एलएफ. टूल चालवलं आणि त्याने इशारा दिला की अमुक अमुक बाइटने सुरू होणाऱ्या इनपुटसाठी काय करायचं हे तुम्ही सांगितलेलंच नाही, तिथे कोड कुठे जाईल याचा भरवसा नाही, डिफॉल्ट नियम (कशातच न बसणाऱ्या इनपुटसाठीचा) लावा. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. माझ्या १४० ओळींच्या फंक्शनला हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. कंपायलरने नाही, रिव्ह्यू करणाऱ्यांनी नाही, मी नाही. जी वाट मी लिहिली नाही, त्या वाटेवर माझा जुना लूप गुपचूप पुढचं कॅरेक्टर घ्यायचा आणि कुठेतरी पोचायचा. मला वाटतं या टूलचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात. पैसे पडत नाहीत ही गोष्ट वेगळी, ते फुकट आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे चित्र. मोठ्या डी चा पर्याय देऊन चालवलं की कोडऐवजी ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामला समजेल असं वर्णन मिळतं, त्याचा आलेख काढता येतो. तो प्रिंट करून मी टेबलावर पसरला आणि पेन्सिलने त्यावर जुन्या लूपचे फ्लॅग लिहीत गेले. तीन फ्लॅग म्हणजे आठ जोड्या. त्यातल्या चारच खऱ्याखुऱ्या घडू शकत होत्या. उरलेल्या चार "असं होणार नाही" या भरवशावर सोडलेल्या, आणि दोन ठिकाणी मी त्यांच्यासाठीही इफ लिहून ठेवला होता. म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यांसाठी पानं मांडली होती. आलेखात प्रत्येक गोल म्हणजे "आत्ता आपण कुठे आहोत" याचं एकच उत्तर. फ्लॅग बघून ते उत्तर जुळवत बसावं लागत नाही. लूप समजत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच समजत नसतं.

याच तपासात जुन्या कोडमधला आणखी एक विंचू सापडला. स्पेस गिळणारा व्हाइल, कॅरेक्टर यादीत आहे का हे सीच्या स्ट्रचर या फंक्शनला विचारायचा. यादीत स्पेस आणि टॅब. पण स्ट्रचरच्या हिशेबी स्ट्रिंगच्या शेवटचं शून्य बाइट हाही स्ट्रिंगचाच भाग, त्यामुळे शून्य शोधायला दिलं तर ते "सापडलं" म्हणून सांगतं. ओळ कॉमावर संपली तर व्हाइल शून्याला स्पेस समजून ओलांडतो आणि पलीकडच्या मेमरीत चालू लागतो. ओळ कॉमावर संपेल कशी? मर्यादा मोडणारी लांब ओळ आली आणि ८० च्या बफरमध्ये कापली गेली तर संपेल की. दोन चुका एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी ठेच मला सेंटिनेलवर लागली. प्रत्येक कॅरेक्टरला "बफर संपला का" हे तपासायचं नसेल, तर शेवटी एक राखीव कॅरेक्टर ठेवायचं, सहसा शून्य बाइट, म्हणजे लेक्सर त्यावर आपोआप अडतो. वेग छान मिळतो. अट एवढीच, की ते कॅरेक्टर कुठल्याही नियमाच्या मध्ये बसता कामा नये. मी फील्डसाठी नियम लिहिला "कॉमा आणि स्टार सोडून काहीही". काहीहीमध्ये शून्य आलंच. अर्धवट ओळ दिली की लेक्सर आनंदाने शून्य ओलांडून पुढे. म्हणजे स्ट्रचरची चूक काढून मी तीच चूक नव्या पोशाखात आणली. लॅपटॉपवर मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर लावून लिबफझर या टेस्टच्या टूलने वेड्यावाकड्या ओळी मारल्या तेव्हा काही सेकंदांत हे बाहेर आलं, नाहीतर ते डिव्हाइसवर गेलं असतं. न्यायाने बोलायचं तर सेंटिनेल कोणता हे कॉन्फिगरेशनमध्ये सांगून ठेवलं की टूल स्वतः हटकतं. मी सांगितलंच नव्हतं. पण नवख्या माणसाची पहिली फाइल जशी असते त्यात ही ओळ नसण्याची शक्यताच जास्त, आणि टूल तिथे चूप बसतं. याचा एक तारा मी कापते.

दुसरी ठेच छोटी पण चीड आणणारी. सीमध्ये एकेरी अवतरणात कॅरेक्टर लिहायची सवय. आरई२सीमध्ये एकेरी अवतरणातली स्ट्रिंग लहान-मोठं अक्षर न बघता जुळते, दुहेरीतली काटेकोर. मी सवयीने एकेरी लिहिलं आणि लहान लिपीतलं आरएमसीसुद्धा खपून जायला लागलं. दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचलं नव्हतं.

तयार झालेला कोड डीबगरमध्ये बघणं हा एक अनुभव आहे. गोटू, लेबल, आकडे, पुन्हा गोटू. टूल ओळींचे संदर्भ घालून देतं म्हणून डीबगर मूळ फाइलच दाखवतो, पण नियमाच्या आत एकेक पाऊल टाकत जायचं म्हटलं तर पायाखाली काही लागत नाही. मी लवकरच तो नाद सोडला. आत जायचंच नाही, आत जाणारी ओळ आणि बाहेर आलेला निकाल एवढंच बघायचं.

बिल्डमध्ये आणखी एक टूल आलं की कोणाच्या तरी मशीनवर ते नसणार हे ठरलेलं. आम्ही निन्जावाल्यांचीच युक्ती उचलली: तयार झालेली फाइलही रिपॉझिटरीत ठेवायची, म्हणजे ज्याला नियम बदलायचे नाहीत त्याला टूल लागत नाही. यातला धोका असा की कोणीतरी तयार फाइलच हाताने सुधारतो. आमच्याकडे तो कोणीतरी पहिल्याच महिन्यात निघाला. आता फाइलच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत धमकी आहे.

एक लहानसा फायदा जाता जाता सांगते. सीरियलच्या तारेवर गोंगाट झाला की १२७ च्या वरचे बाइट येतात. साधा कॅरेक्टर टाइप एक्स८६ वर सहसा चिन्हासहित असतो, एआरएमवर सहसा चिन्हाशिवाय. त्यामुळे लॅपटॉपवरच्या टेस्टमध्ये तो बाइट ऋण आणि डिव्हाइसवर धन, आणि ऋण आकडा इझडिजिटला (हा अंक आहे का, हे सांगणारं फंक्शन) देणं सीच्या नियमातच बसत नाही. आरई२सीला इनपुटचा टाइप आधी सांगावाच लागतो. मी अनसाइन्ड, म्हणजे चिन्हाशिवायचा, सांगितला आणि तो घोळ दोन्हीकडे एकदमच मिटला. टूलने काही केलं नाही, फक्त विचारलं.

आणि आता जे ऐकून काही लोक म्हणतील मग हा रिव्ह्यू कशाला. पूर्ण पार्सर मी आरई२सीमध्ये ठेवलेला नाही. सुरुवातीला ठेवला होता, फील्डंही नियमात टॅग, म्हणजे जागेच्या खुणा, लावून तिथूनच काढली होती. चाललंही. पण एनएमईएच्या २.३ आवृत्तीत आरएमसीच्या शेवटी मोडचं एक फील्ड वाढलं, ४.१ मध्ये आणखी एक, आणि कोणता रिसीव्हर कुठली आवृत्ती बोलेल याचा नेम नाही. फील्डांची संख्या बदलती असली की नियम लांबत जातो, टॅग वाढत जातात, आणि तीन महिन्यांनी मीच माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशनकडे जुन्या लूपकडे बघायचे तशी बघायला लागले. तेव्हा काम वाटून टाकलं. ओळ धड आहे का, एवढंच आरई२सीने ठरवायचं. धड असेल तर फील्डं मोजायला हाताने लिहिलेला लूप.

तो लूप इतका छोटा झालाय की शब्दांत अख्खा सांगता येतो. पॉइंटर फील्डच्या पहिल्या कॅरेक्टरवर. ॲरेमध्ये जागा उरली आहे का बघायचं. सीच्या स्ट्रसीस्पन या फंक्शनला विचारायचं, इथून कॉमा किंवा स्टार येईपर्यंत किती कॅरेक्टर? जो आकडा येईल ती फील्डची लांबी. शून्य आला तर फील्ड रिकामं, पण ते आहे, त्याची नोंद होते. पॉइंटर तेवढा पुढे. आता तो कॉमावर असेल तर एक पाऊल टाकून पुन्हा वर, नाहीतर बाहेर. झालं. बाहेर पडायची वाट लूपच्या मध्यावर आहे, डोक्यावर नाही, आणि ते मुद्दाम. अट डोक्यावर घेतली, म्हणजे "स्ट्रिंग संपेपर्यंत चालव" असं लिहिलं, की कॉमानंतर लगेच शेवट असला तर शेवटचं रिकामं फील्ड हरवतं. कॉमा अकरा असतील तर फील्डं बारा, कुंपणाचे खांब मोजण्यातली तीच जुनी गंमत. आमच्याकडे एकाने हा मधला ब्रेक "स्वच्छ" करून व्हाइलच्या अटीत हलवला होता. शेवटचं फील्ड रिकामं असलेली टेस्ट लगेच लाल झाली.

स्ट्रसीस्पन तर १९८९ च्या सी स्टँडर्डपासून प्रत्येक कंपायलरसोबत पडून आहे. मी इतकी वर्षं सीमध्ये काढली आणि ते कधी हातात घेतलं नव्हतं. मग आरई२सीशिवाय थेट हाच लूप लिहिता आला नसता का? आला असता, पण मला आला नसता. एका फेरीत एक कॅरेक्टर या चालीतून मी बाहेरच पडत नव्हते. एका फेरीत एक फील्ड असा लूप असू शकतो हे नियम लिहिताना सुचलं, कारण नियमात कॅरेक्टर नसतंच, तिथे थेट फील्ड असतं.

कोणी घ्यावं? ज्यांच्या इनपुटला खरंच व्याकरण आहे: अवतरणं, एस्केप, कॉमेंट, वेगवेगळ्या प्रकारचे आकडे. तिथे हाताने लिहिलेला लूप फ्लॅगांनी भरणारच, आणि आरई२सी त्यापेक्षा कितीतरी बरं. कॉमांनी तोडलेली एक ओळ वाचायची असेल तर ते लावून एकदा आलेख काढा, डिफॉल्ट नियमाचा इशारा वाचा आणि मग हवं तर काढून टाका. हे विचित्र वाटेल, पण मी अजून एका ठिकाणी असंच केलं, कॉन्फिगरेशनची फाइल वाचणाऱ्या कोडसाठी. तिथे आता आरई२सीचं नामोनिशाण नाही, फक्त तो आलेख भिंतीवर टाचलेला आहे.

पाचपैकी चार. एक सेंटिनेलचा गेला.

परवा त्या तिसऱ्या मुलाने नवा लूप वाचला. एक मिनिटही लागलं नसेल. मग विचारलं, "मॅडम, ॲरेमध्ये जागा संपली तर आपण उरलेली फील्डं टाकून देतो का, की ओळच नाकारतो?" मी बघितलं. टाकून देत होतो, आणि कुठे नोंदही ठेवत नव्हतो. ते काम आता त्याच्याकडे आहे.